‘बाळ परत देऊन टाका’ म्हणणाऱ्या लेकीला कोणत्या गोष्टी सांगाव्यात?

एका आईनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “आम्ही सोलापुरातल्या ‘जुळे सोलापूर’ या भागात राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि जानेवारीच्या अखेरीस दुसरं बाळ येणार आहे. दसऱ्याच्या सुमारास तिला सांगितलं. तेव्हापासून मी रोज रात्री तिला एका शहाण्या ताईची गोष्ट सांगते. ही ताई बाळाला झोका देते, स्वतःचा खाऊ देते, कधी हट्ट करत नाही. पहिले काही दिवस तिनं ऐकली. आता दिवाळी झाली, आणि गोष्ट सुरू केली की ती कानांवर हात ठेवते आणि म्हणते, ‘बाळ नको, परत देऊन टाका.’ सासूबाई म्हणतात, एकुलती एक म्हणून फार लाडावली. मी कोणत्या गोष्टी सांगू? आणि बाळ आल्यावर काय करायचं?”

तुमची लेक लाडावलेली नाही. तिनं तुमची गोष्ट नीट ऐकली, म्हणूनच आता ती कान झाकते आहे. त्या गोष्टीतल्या ताईला राग येत नाही, रडू येत नाही, आईला चिकटून झोपावंसं वाटत नाही. तुमच्या लेकीला हे सगळं होतं. मग त्या गोष्टीतून तिला कळतं ते एवढंच, की आईला अशी ताई हवी आहे आणि मी तशी नाही. हे रोज झोपताना ऐकायचं म्हणजे लेकराला जड जातं.

सोलापुरात बालवाडीत शिकवण्यात आणि पुढे पालकांशी बोलण्यात माझं आयुष्य गेलं. दुसऱ्या बाळाच्या वेळी गोष्ट फार उपयोगी पडते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मोठ्या लेकराला बाळ आवडावं म्हणून ती सांगायची नसते. त्याच्या मनात जे चाललंय आणि जे त्याला नीट बोलता येत नाही, ते गोष्टीतल्या कुणाच्या तरी तोंडून यावं म्हणून सांगायची असते. आवड पुढे लागते. कुणाला बाळ पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसतं तेव्हा, कुणाला ते रांगायला लागल्यावर. घाई करून ती लागत नाही.

तेव्हा ती शहाणी ताई आज रात्रीपासून बंद करा. लेकीनं विचारलंच तर सांगा, “तुला आवडत नव्हती ना, म्हणून ठेवून दिली.”

आता ‘परत देऊन टाका’कडे बघू. हे ती रागानं म्हणते हे खरं, पण त्यात तिचा हिशोबही आहे. कुणीतरी तिला सांगितलं असणार की आई दवाखान्यातून बाळ आणणार. जी वस्तू आणता येते ती परतही करता येते. नवी पेठेत घेतलेला फ्रॉक घट्ट झाला तर आपण बदलून आणतोच, ते तिनं पाहिलेलं आहे. ‘देवबाप्पा बाळ पाठवणार’ म्हटलं तरी तेच.

म्हणून आधी खरं सांगा, साध्या शब्दांत. बाळ आईच्या पोटात आहे. तिथं बाळासाठी एक वेगळी पिशवी असते, आणि आपण खातो ती भाकरी दुसरीकडे जाते. हे शेवटचं वाक्य गाळू नका. माझ्या वर्गातला एक मुलगा आई जेवायला बसली की तिचा हात धरून ठेवायचा, कारण त्याच्या मते आमटी बाळाच्या डोक्यावर सांडत होती. ‘पोटात बाळ आहे’ एवढंच त्यानं ऐकलं होतं, पुढचं त्यानं स्वतः जुळवलं. बाळ बाहेर कसं येणार, असं विचारलं तर “त्याला बाहेर यायला वाट असते, डॉक्टर मदत करतात” एवढं या वयाला पुरतं. विचारलं नाही तर सांगायला जाऊ नका.

घरात आणखी काही गोष्टी रोज सांगितल्या जातात, ज्यांना आपण गोष्ट समजतच नाही. “तुला आम्ही बोहारणीकडून जुन्या साडीवर घेतलं.” “तुला सिद्धेश्वराच्या जत्रेतून, गड्ड्यावरून उचलून आणलं.” मामा, काका, शेजारच्या काकू हे मायेनं म्हणतात, आणि एरवी मूल ते हसून सोडून देतं. या दोन-तीन महिन्यांत मात्र ते वर्मी लागतं. “आता तुझे लाड संपले गं” हेही तसंच. पाहुण्यांशी वाद घालू नका. लेकीकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, “लाड कशाला संपतील? तू माझ्याच पोटातून आलीस.” ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

सगळ्यात जास्त मला खटकतो तो प्रश्न म्हणजे “भाऊ हवा की बहीण?” लहान लेकराच्या तोंडून निघतं ते खरं होतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. पोरगी ‘भाऊ’ म्हणाली की बायका खूश होतात, तिला उचलून घेतात, मुका घेतात. मग बहीण झाली तर? या वयात मुलांना खरोखर वाटतं की आपण म्हटलं किंवा मनात आणलं म्हणून गोष्टी घडतात. घरात कुणाचा चेहरा उतरला तर त्याचं खापर ती स्वतःवर फोडून घेते, आणि नव्या बहिणीकडे बघते ती त्याच नजरेनं. १९९४च्या कायद्यानं गर्भलिंग तपासणीला बंदी आहे. ती तपासणी आपण लेकराच्या तोंडून तरी कशाला करावी? गोष्टीतही ‘बाळ’च म्हणा. ‘बाळ नको’ म्हणणारं मूलही असंच घाबरतं, बरं का. पुढे बाळ आजारी पडलं तर ‘माझ्यामुळे’ असं त्याला वाटतं. म्हणून मध्येच कधीतरी सहज सांगून ठेवा, “तू रागानं काही बोललीस तरी त्यानं बाळाला काही होत नाही.”

तर मग सांगायचं काय? सगळ्यात मोलाची गोष्ट तुमच्याकडे तयार आहे. तुमच्या लेकीच्या जन्माची.

ती साडेतीन वर्षांची म्हणजे ऐन उन्हाळ्यातली. सोलापूरचा उन्हाळा, पारा चाळिशीच्या वर, आणि घरात ओली बाळंतीण. यातलं सगळं सांगा. दवाखान्यात कशातून गेलात, बाबांच्या पायात चपला वेगवेगळ्या होत्या का, पहिल्यांदा तिला कुणी हातात घेतलं, आजी काय म्हणाली, दुपारी खिडकीला ओला पंचा कसा बांधायचे, बारशाला कोणत्या आत्यानं कानात नाव सांगितलं. ती रात्रभर रडायची, तुम्हाला काही सुचायचं नाही, आणि आजी तिला मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसायची, हेही सांगा. जुने फोटो काढा, तिचं पहिलं झबलं आणि टोपडं काढा. माता-बाल संरक्षण कार्ड शोधा, त्यावर जन्माचं वजन लिहिलेलं असतं. समजा २ किलो ८०० ग्रॅम असेल, तर तेवढी ज्वारी तोलून कापडी पिशवीत भरा, तोंड बांधा आणि तिच्या मांडीवर ठेवा. “तू एवढी होतीस.” हे मी कितीतरी घरांत करायला सांगितलं आहे. मुलं ती पिशवी सोडत नाहीत, तिला थोपटतात, झोका देतात, कुणी धपकन खालीही टाकतात. टाकली तर टाकू द्या, ज्वारीच आहे. “बाळाची मान नाजूक असते, म्हणून खाली हात धरतात” हे दाखवायलाही तीच पिशवी कामाला येते.

या गोष्टीतून तिला एकही शब्द न शिकवता पुष्कळ कळतं. बाळं रडतात, खेळत नाहीत, दूध पितात आणि झोपतात, त्यांना सगळं दुसऱ्यानं करावं लागतं, आणि हे सगळं तिच्यासाठी कुणीतरी केलेलं आहे. शेवटी फक्त “आता तसंच आपल्या नव्या बाळाचं करायचं हं” हे जोडू नका. फार मोह होतो, मला ठाऊक आहे. भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका आणि तिथं त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांच्या वाटेनं शिकलेल्या आम्हा बालवाडीच्या बायकांना हे पहिल्यांदा बजावलं जायचं: गोष्ट आधी आनंदासाठी, उपदेशाची शेपटी जोडली की मूल गोष्टीतून उठून जातं. जोडणी लेकीला स्वतः करू द्या. आठ-दहा रात्री तीच गोष्ट ऐकल्यावर एक दिवस ती विचारेल, “बाळ पण असंच रडणार?” तेव्हा बोला.

दुसरी गोष्ट चिऊ-काऊची. मेणाचं घर, शेणाचं घर, पाऊस, आणि दाराबाहेर भिजणारा काऊ. “चिऊताई, चिऊताई, दार उघड.” “थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.” “थांब, बाळाला पावडर लावते.” “थांब, बाळाला झोपवते.” ही गोष्ट आता तुमच्या लेकीच्या जागेवर बसून ऐका. आत आई आणि बाळ, ऊबदार घर, आणि बाहेर थांबलेलं कुणीतरी. नवजात बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा दूध पितं. अंघोळ, शेक, मालिश, लंगोट वेगळे. म्हणजे फेब्रुवारीत तुमच्या लेकीला हा ‘थांब’ दिवसभर ऐकू येणार आहे. चिऊची गोष्ट ऐकताना आजवर ती चिऊच्या घरात होती, आता ती काऊ होणार. काही घरांत शेवटी काऊला तव्यावर बसवून चटका देतात. तो शेवट या दिवसांत अजिबात नको.

मी ती थोडी बदलून सांगते. बाहेर काऊच्या जागी चिऊचंच मोठं पिल्लू.

“मोठं पिल्लू दाणे टिपायला गेलं. टिपता टिपता आभाळ आलं आणि पाऊस सुरू झाला. पिल्लू धावत घरी आलं. आई आई, दार उघड! थांब, बाळाला पुसते. पिल्लू थांबलं. पाऊस वाढला. आई आई, दार उघड! थांब, बाळाला दूध पाजते. पिल्लू थांबलं. पंख भिजले. आई आई, दार उघड! थांब, बाळाला झोपवते. आता मात्र पिल्लाला राग आला. त्यानं पाय आपटले. दारावर चोच मारली, टक टक टक! आणि मोठ्यानं ओरडलं, ‘मला बाळ आवडत नाही!’ चिऊताईनं दार उघडलं. बाळ तिच्या पंखाखालीच होतं. ती म्हणाली, ‘अगं बाई, किती वेळ उभं होतंस. भिजलंस की. राग आला ना?’ ‘हो.’ ‘केवढा?’ ‘आभाळाएवढा.’ ‘मग ये, रागासकट आत ये. हा पंख बाळाचा, हा पंख तुझा.’ पिल्लू आत शिरलं. थोडा वेळ ते काही बोललं नाही. मग म्हणालं, ‘आई, मी चार दाणे आणलेत. बाळाला नाही देणार.’ चिऊताई म्हणाली, ‘बाळाला दाणे खाताच येत नाहीत. दोन तू खा, दोन मला दे.’”

यात आई बाळाला खाली ठेवून पिल्लाला घेत नाही, हे बघा. तसं सांगितलं तर ते खोटं ठरेल. पहिल्या महिन्यात तुम्हाला तसं करता येणारच नाही. राग मोठ्यानं बोलला जातो आणि त्यावर कुणी चिडत नाही. पिल्लू शेवटी शहाणं होऊन खाऊ वाटत नाही. आणि बाळाला जे येत नाही ते पिल्लाला येतं. “टक टक टक” आलं की लेकीला एखाद्या डब्यावर वाजवू द्या. या वयाच्या मुलांना तीच ओळ, त्याच जागी, त्याच सुरात हवी असते. चौथ्या रात्री तुम्ही ‘दूध पाजते’ आधी म्हणालात तर ती तुम्हाला थांबवेल, आणि तसं झालं तर समजा की गोष्ट तिची झाली.

मग तिला म्हणा, “आज तू सांग.” आणि जे येईल ते ऐका. चार वर्षांच्या एका मुलानं मला सांगितलेली गोष्ट अशी: बाळ खूप रडत होतं, म्हणून दादानं त्याला सिद्धेश्वर तलावात टाकलं. शेजारी बसलेली त्याची आई एकदम कासावीस झाली, “असं बोलू नये” म्हणून त्याच्या तोंडावर हात ठेवायला निघाली. मी तिला थांबवलं आणि विचारलं, “मग मासे काय म्हणाले?” तो विचारात पडला. मग म्हणाला, “मासे म्हणाले, हा फार रडतो, आम्हाला झोप येत नाही, घेऊन जा.” “मग?” “मग दादानं आणलं.” गोष्ट संपली, तो उठून खेळायला गेला. तिथं त्याच्या तोंडावर हात ठेवला असता तर बाळ त्याच्या मनात तलावातच राहिलं असतं आणि परत आणायचं कसं, हे त्याला कधी सापडलं नसतं. गोष्टीत बाळाला टाकणारं मूल खरंच टाकणार, असं समजू नका. गोष्टीत कुणी काहीही करू शकतं. हाताला मात्र मर्यादा असते, आणि ती स्पष्ट सांगायची: “गोष्टीत चालतं. खऱ्या बाळाला मारायचं नाही, चिमटा काढायचा नाही.”

पुराणातल्या भावंडांच्या गोष्टींबद्दल मला नेहमी विचारतात. राम-लक्ष्मण या वयाला फार आदर्श होतात, पुन्हा ती शहाणी ताईच. गणपती आणि कार्तिकेयाची पृथ्वीप्रदक्षिणा तर या काही महिन्यांत टाळाच. दोन भाऊ, एक पैज, आणि आई-बाबा कुणाच्या बाजूनं हे शेवटी कळणार, याचीच तर तिला धास्ती आहे. मुक्ताईची ती गोष्ट मात्र मला आवडते: मोठा भाऊ रागावून झोपडीचं दार लावून बसतो आणि धाकटी बहीण बाहेरून त्याची समजूत काढते. मोठ्यांनाही राग येतो आणि धाकट्यांनाही काही कळतं, हे त्यात आहे. पण ती पाच-सहा वर्षांच्या पुढे. तुमच्या लेकीसाठी ठेवून द्या.

आता जरा रोजच्या कामाचं. तुमच्या लेकीची खरी भीती बाळाची नसून तुमच्या नसण्याची आहे, असं मला तुमच्या प्रश्नावरून वाटतं. आई दवाखान्यात गेली की माझं काय? त्यासाठी एक हातानं बनवलेलं पुस्तक करा. साधी वही, त्यात मोबाइलवरून काढून आणलेले फोटो चिकटवा: आईची भरलेली पिशवी, रिक्षा किंवा गाडी, दवाखान्याची इमारत, तिला सांभाळणारी आजी, तिचं अंथरूण, तिची चादर. प्रत्येक फोटोखाली एक ओळ. “आई दवाखान्यात. मी घरी. मला आजी वेणी घालते. मला बाबा अंगणवाडीत सोडतात. शेंगाचटणी-भाकरी आजी देते. रात्री मी आजीजवळ झोपते. बाबा मला आईला भेटायला नेतात. आई घरी येते.” शेवटचं पान ‘बाळ आलं’ नसावं, ‘आई घरी आली’ असावं. किती रात्री, हे आकड्यात छापू नका. नॉर्मल झाली तर दोन-तीन दिवस, सिझेरियन झालं तर आणखी काही, असं तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा आणि रात्रीचं पान सुटं ठेवा म्हणजे लागतील तितकी पानं घालता येतील. बाळ लवकर आलं किंवा त्याला काही त्रास झाला तर ते काही दिवस काचेच्या पेटीत राहील. त्याचं पान आधीच करायची गरज नाही, पण वेळ आलीच तर त्याच वहीत ते पान घाला आणि खरं सांगा.

‘तीन महिन्यांनी’ याला साडेतीन वर्षांच्या मुलीच्या लेखी काही अर्थ नसतो. सणांनी मोजा. आपल्या गावात तर हे फारच सोपं आहे. दिवाळी झाली. आता हुरडा येईल. मग संक्रांत, नंदीध्वजांची मिरवणूक, मग गड्ड्यावर पाळण्यात बसायचं, आणि मग बाळ. गड्ड्याला तिला बाबांनी न्यावं. तेव्हा तुम्हाला नववा महिना असेल, त्या गर्दीत तुम्ही जायचं नाही. आणि एक आग्रहाचं सांगणं: यंदा तिचं बोरन्हाण कराच. पाचव्या वर्षापर्यंत करतातच, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही. तुमच्या दिवसांकडे बघता संक्रांतीनंतर लगेच उरकून घ्या. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या, आणि भोवती गल्लीतली सगळी पोरं. बाळ यायच्या तोंडावर तिच्या एकटीचा असा एक सोहळा होतो. पुढे महिनाभर घरात सगळं बाळाचंच चालणार आहे, त्याआधी तिच्या वाट्याचं तिला मिळू द्या. त्याच दिवशी कुणी “आता ताई होणार ना तू” सुरू केलं तर हळूच विषय बदला.

बालवाडीत घालणं, वेगळं झोपवणं, लंगोट किंवा बाटली सोडवणं, यातलं काही उरलं असेल तर एक तर आत्ता करा, नाही तर बाळ आल्यावर तीन-चार महिन्यांनी. बाळाच्या पाठोपाठ केलंत की ते बाळानं हिसकावलं असं तिच्या मनात बसतं.

रात्रीची गोष्ट आजवर तुम्ही एकट्याच सांगत आला आहात. फेब्रुवारीत त्या वेळेला नेमकं बाळ रडेल. म्हणून आजपासून आठवड्यातल्या निम्म्या रात्री बाबांच्या. त्यांना गोष्टी येत नाहीत असं ते म्हणतील. त्यांनी कामावरची सांगावी, कारखान्यात असतील तर आज यंत्रमाग कसा अडला, धागा कसा तुटला, टॉवेलांचे गठ्ठे कसे बांधले. मुलींना ते फार आवडतं. शिवाय चिऊची गोष्ट तुमच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, दवाखान्यातल्या रात्रींसाठी. सासूबाईंनाही यात घ्या. त्यांना लेकीसमोर विचारा, “बाबांच्या पाठचं भावंड झालं तेव्हा बाबा काय करायचे?” बाबाच धाकटे असतील तर थोरल्या काकांचं किंवा आत्याचं विचारा. कुणी पाळण्यात चढून बसलेला असतो, कुणी बाळाची बाटली पळवलेली असते. ज्या आजी ‘लाडावली’ म्हणतात, त्याच हे सांगताना खुलतात. आणि लेकीला कळतं की हे बाबांनाही झालं होतं आणि तरी कुणी त्यांना टाकलं नाही. आपल्याकडे पूर्व भागातल्या घरांत आजी तेलुगूत बोलते, अक्कलकोटकडच्या घरांत कानडीत. गोष्ट ज्या भाषेत सहज येते त्याच भाषेत सांगावी, शाळेच्या भाषेचा आग्रह धरू नये.

बाळ आल्यावरचं. ती पहिल्यांदा भेटायला येईल तेव्हा बाळ पाळण्यात किंवा आजीच्या मांडीवर असू द्या आणि तुमचे हात मोकळे ठेवा. आधी तिला जवळ घ्या. बाळ बघायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. काही मुलं त्या दिवशी बाळाकडे बघतसुद्धा नाहीत, खिडकीतून रिक्षा मोजत बसतात. चालेल.

सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत शिरायचं नाही, अशी काही घरांत पद्धत असते. मोठं लेकरू दाराशी घुटमळत राहतं. हात धुऊन, सर्दी-ताप नसेल तर तिला आत येऊ द्या. ताप असेल तेव्हा का नाही, ते सांगा. ‘तुला त्रास नको’ म्हणून तिला पंधरा दिवस मावशीकडे पाठवायचा सल्ला कुणी देईल. माझं मत विरुद्ध आहे. परत येईपर्यंत घर तिच्याशिवाय लागलेलं असतं, आणि ते तिला दिसतं.

दूध पाजण्याची वेळ हीच तिच्या गोष्टीची वेळ करा. तुमच्या बसायच्या जागेशेजारी एक टोपली ठेवा, त्यात ती वही, दोन चित्रांची पुस्तकं, ज्वारीची पिशवी, थोडा मऊ खाऊ. अख्खे शेंगदाणे नकोत, या वयात ते घशात अडकू शकतात. बाळाच्या तोंडात काही घालायचं नाही हे तिला पुन्हा पुन्हा सांगा. बाळाला घेतलंत की तिला बोलवा, “चल, आपली गोष्ट.” दिवसातून आठ-दहा वेळा जमणार नाही. दोन वेळा जमलं तरी पुष्कळ झालं.

त्या वेळी बाळाबद्दलही बोला, पण ते एक माणूस आहे अशा तऱ्हेनं. “का रडत असेल गं? भूक लागली असेल की गरम होत असेल?” तिचं मत घ्या. ब्रिटनमध्ये जूडी डन आणि कॅरोल केंड्रिक यांनी केंब्रिजच्या परिसरातल्या ४० कुटुंबांचा दुसऱ्या बाळाच्या आगेमागे अभ्यास केला होता, १९८२ साली तो प्रसिद्ध झाला. ज्या आया पहिल्या आठवड्यांत मोठ्या लेकराशी बाळाला काय हवं असेल, काय वाटत असेल, याबद्दल बोलत होत्या, त्या घरांत वर्षभरानंतर भावंडांची आपसातली वागणूक जास्त मैत्रीची दिसली. माझा अनुभवही तोच आहे. “बाळाला त्रास देऊ नको” यानं जे होत नाही ते “तुला काय वाटतं, त्याला काय हवंय?” यानं होतं.

ती पुन्हा बोबडं बोलेल, अंथरूण ओलं करेल, बाटली मागेल, कदाचित अंगावर प्यायचंही मागेल. हे अगदी सर्रास होतं आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत ओसरतं. “एवढी मोठी झालीस आणि” हे वाक्य गिळा. तिला मांडीवर आडवी घ्या, टोपडं घाला, तिच्या जन्माची गोष्ट पुन्हा सांगा. पोटभर बाळ होऊन झालं की ती स्वतःच उठते.

घरात कितीही शांतता असली तरी तिला आणि तान्ह्या बाळाला दोघांनाच खोलीत सोडू नका, एक मिनिटभरही. तिच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर साडेतीन वर्षांच्या मुलीला आपल्या हाताच्या जोराचा अंदाज नसतो म्हणून. आणि महिना-दीड महिना उलटूनही ती नीट जेवत नसेल, झोपेत दचकून रडत असेल, कुणाशी बोलत नसेल, स्वतःला किंवा बाळाला वारंवार इजा करत असेल, तर बाळाला लस द्यायला नेता तेव्हाच बालरोगतज्ज्ञांना तिच्याबद्दलही सांगा. ती पुढ्यात असताना नको, तिला बाबांबरोबर बाहेर बसवून. गरज वाटली तर ते समुपदेशकाकडे पाठवतील. तुम्हाला स्वतःला बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही त्याच भेटीत सांगा, त्यावर उपचार आहेत.